मानमोडी आणि मनमोडी

साथीच्या रोगांना आपल्या माणसांनी दिलेली नावे मोठी बोलकी असतात. १९१८ च्या जून महिन्यात मुंबई बंदरात इन्फ्लुएंझा उतरला आणि बघता बघता देशभर पसरला. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटी वीस लाखांपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत माणसे दगावली असावीत, असे अंदाज आहेत. 'इन्फ्लुएंझा' हा शब्द तेव्हा खेड्यापाड्यात कुणाला ठाऊक असणार? महाराष्ट्राने त्या तापाचे नाव ठेवले 'मानमोडी'. माझ्या आजीच्या पिढीची माणसे तर पुढे कितीतरी वर्षे कुणाचे वय सांगताना 'मानमोडीच्या साली जन्मलेला' असे म्हणत. डेंगीला लोक 'हाडमोड्या ताप' म्हणू लागले. चिकनगुनिया हा शब्द पूर्व आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला. माणसाला वाकवून टाकणारा, असा त्याचा अर्थ.

मान मोडणारा ताप, हाडे मोडणारा ताप, कंबर वाकवणारा ताप. शरीराचा जो भाग मोडला त्याचे नाव लोकांनी तापाला दिले. परंतु ताप उतरून गेल्यावर कित्येकांचे मनही मोडते, त्याला मात्र आपल्याकडे नाव नाही. ज्याला नाव नाही त्याबद्दल घरात बोलता येत नाही, डॉक्टरांना सांगता येत नाही आणि साहेबाकडे रजाही मागता येत नाही. म्हणून आजच्यापुरते मी त्याला 'मनमोडी' म्हणतो.

चित्र आपल्या ओळखीचे आहे. फ्लू झाला, डेंगी झाला किंवा कोविड झाला. घर आठ-दहा दिवस धावपळीत गेले. मग ताप उतरला, प्लेटलेट्स वर आल्या, रिपोर्ट नॉर्मल आला, डॉक्टर म्हणाले, 'आता काही नाही.' घरातल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण माणूस काही पूर्वीसारखा होत नाही. वर्तमानपत्र हातात तसेच राहते. नातवंड मांडीवर येऊन बसले तरी हात आपोआप त्याच्या पाठीवर जात नाही. पहाटे तीनला जाग येते आणि सकाळी उठायची इच्छा नसते. मग घरातले म्हणू लागतात, 'उगाच मनावर घेतलंयस.' 'जरा बाहेर पड, बरं वाटेल.' आणि महिन्याभराने, दाराआडून, 'नाटकं आहेत सगळी.'

ही नाटके नाहीत, हे आज मला सांगायचे आहे. विषाणूजन्य आजारानंतर येणारे नैराश्य हे पुष्कळदा त्या आजाराचेच शेपूट असते आणि त्याची मुळे स्वभावात कमी, शरीरात जास्त असतात. ही गोष्ट डॉक्टर मंडळींच्या लक्षात येऊन सव्वाशे वर्षे उलटून गेली, पण आपल्या स्वयंपाकघरांपर्यंत आणि कचेऱ्यांपर्यंत ती अजून नीटशी पोहोचलेली नाही.

१८८९ साली रशियातून निघालेली फ्लूची मोठी साथ पुढची दोन-तीन वर्षे जगभर फिरत राहिली. लंडनचे डॉक्टर ज्युलियस अल्थाउस यांनी १८९२ मध्ये इन्फ्लुएंझावर पुस्तकच लिहिले आणि ताप गेल्यानंतर मनावर व मज्जासंस्थेवर होणारे परिणाम त्यात नोंदवले. त्या काळातला सर्वांत प्रसिद्ध रुग्ण म्हणजे खुद्द इंग्लंडचे पंतप्रधान लॉर्ड रोझबरी. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांना फ्लू झाला. ताप गेला, पण झोप उडाली ती आठवडेच्या आठवडे आलीच नाही आणि उदासीने घेरले. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचे सरकार गेले. सरकार काही तापामुळे गेले नाही, राजकारणाची कारणे होतीच. पण ज्या माणसाच्या सेवेला देशातले उत्तमोत्तम डॉक्टर हजर होते, त्याचीही मनमोडीतून सुटका झाली नाही, एवढे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मानमोडीच्या साथीनंतर, १९१९ मध्ये, अमेरिकेत बोस्टनच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या कार्ल मेनिंजर या तरुण डॉक्टरने फ्लूपाठोपाठ गंभीर मनोविकार झालेल्या शंभर रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. हेच मेनिंजर पुढे अमेरिकेतले नामवंत मनोविकारतज्ज्ञ झाले. नॉर्वेतले अभ्यासक स्वेन-एरिक मामेलुंड यांनी तिथल्या मनोरुग्णालयांची जुनी दप्तरे चाळली. १९१८ नंतरच्या सहा वर्षांत, फ्लूमुळे मन बिघडले अशी नोंद होऊन पहिल्यांदाच दाखल झालेल्यांची संख्या सरासरी सातपट झाली होती, असे त्यांना आढळले. आपल्याकडे त्या साथीने घरेच्या घरे बसवली. मेलेल्यांचा आकडा काढताना दमछाक झाली, तिथे जगलेल्यांच्या मनाचे खाते कोण उघडणार?

खरे तर आपल्या जुन्या वैद्यकाला हे अगदीच परके नव्हते. चरकसंहितेत ज्वर हा देह, इंद्रिये आणि मन या तिघांनाही तापवणारा मानला आहे. चित्त ठिकाणावर नसणे, कशात न रमणे, ग्लानी येणे ही मनाला ताप आल्याची लक्षणे तिथे सांगितली आहेत. ताप गेल्यावरही अंगात बळ येईपर्यंत श्रम करू नयेत, असाही सल्ला आहे. पुढे आपण थर्मामीटर आणला. ती मोठीच सोय झाली, परंतु तो मनाचा ताप दाखवत नाही हे मात्र विसरलो.

आता, हे घडते कसे? एक विषाणू, तोही फुप्फुसात किंवा सांध्यात शिरलेला, मनापर्यंत कसा पोहोचतो? बहुतेक वेळा तो स्वतः पोहोचत नाहीच. पोहोचतो तो त्याच्याविरुद्ध लढणाऱ्या सैन्याचा निरोप. शरीराच्या संरक्षक पेशी सायटोकाइन नावाची रसायने सोडतात. ती रक्तातून आणि मज्जातंतूंवाटे मेंदूला कळवतात की घरात शत्रू शिरला आहे. मग मेंदू सगळ्या शरीराला हुकूम सोडतो, की झोपून राहा, खाऊ नका, कुणात मिसळू नका, शक्ती जपा. गुरे राखणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. आजारी गाय कळपापासून बाजूला जाऊन मान टाकून बसते, हिरव्या चाऱ्यालाही तोंड लावत नाही. बेंजामिन हार्ट या अमेरिकन पशुवैद्यकाने १९८८ मध्ये असे मांडले की, हे वागणे म्हणजे निव्वळ अशक्तपणा नव्हे, तापाशी झुंजताना शरीराने योजलेली ती काटकसर आहे.

आता याच यादीला माणसाची भाषा लावून पाहा. भूक नाही, झोप बिघडलेली, कशात रस नाही, माणसे नकोशी, हालचाल मंद. नैराश्याची लक्षणे सांगा म्हटल्यावर मनोविकारतज्ज्ञ जवळपास हेच सांगतील. लढाई संपल्यावर हुकूम मागे घेतला गेला की माणूस उठून कामाला लागतो. बहुतेकांचे तसेच होते. पण काहींच्या बाबतीत हुकूम मागे घेतला जात नाही. शत्रू गेला तरी संचारबंदी उठत नाही. शरीरातला हा दाह रेंगाळला की मेंदूतल्या रसायनांची घडी विस्कटते. मनःस्थितीशी ज्याचा संबंध जोडला जातो ते सेरोटोनिन ट्रिप्टोफॅन या द्रव्यापासून बनते. दाह असताना त्या ट्रिप्टोफॅनचा बराचसा साठा दुसऱ्याच वाटेने खर्च होऊ लागतो.

कुणी म्हणेल, हा सगळा तर्क झाला. पुरावा काय? पुरावा मिळाला तो एका औषधामुळे. हिपॅटायटिस सी या काविळीवर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने देत. इंटरफेरॉन म्हणजे विषाणूशी लढताना शरीर स्वतःच बनवते त्या सायटोकाइनपैकीच एक. उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच कित्येक हसतीखेळती माणसे नैराश्यात जाऊ लागली. काही कर्करोगांतही हे औषध मोठ्या मात्रेत दिले जाई. २००१ मध्ये अमेरिकेत त्वचेच्या कर्करोगाच्या चाळीस रुग्णांवर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. इंटरफेरॉन सुरू करण्याच्या आधीपासूनच निम्म्यांना नैराश्यावरची गोळी दिली, निम्म्यांना नुसतीच नावाची गोळी. नावाच्या गोळीवाल्यांपैकी ४५ टक्के लोकांना तीव्र नैराश्य आले, तर खऱ्या गोळीवाल्यांपैकी फक्त ११ टक्क्यांना. कर्करोगाची काळजी दोन्ही गटांना सारखीच होती, इंजेक्शनही तेच होते. एका सायटोकाइनने मन मोडते आणि वेळीच हात दिला तर ते मोडणे बऱ्याच अंशी टळतेही, हे या लहानशा प्रयोगाने दाखवले. हिपॅटायटिस सी वर आता गोळ्यांचे उपचार आले आणि इंटरफेरॉन जवळजवळ मागे पडले. पण त्याने शिकवलेला धडा मागे पडू नये.

मोठ्या आकड्यांकडेही पाहू. डेन्मार्कमध्ये १९४५ ते १९९६ या काळात जन्मलेल्या सुमारे साडेपस्तीस लाख लोकांच्या नोंदी तपासून २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संसर्गासाठी रुग्णालयात जावे लागलेल्यांमध्ये पुढे नैराश्यासारखे भावनिक विकार होण्याचा धोका ६२ टक्क्यांनी अधिक आढळला. कोविडनंतर ऑक्सफर्डच्या संशोधकांनी, मुख्यतः अमेरिकेतल्या, दोन लाख छत्तीस हजारांवर रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. त्यांचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. आजारानंतरच्या सहा महिन्यांत सुमारे १४ टक्क्यांच्या नावापुढे भावनिक विकाराची आणि १७ टक्क्यांच्या नावापुढे चिंताविकाराची नोंद होती. त्यातल्या कित्येकांना हा त्रास आधीपासूनच होता, हे खरे. पण मेंदूचे आणि मनाचे आजार एकत्र धरले तर कोविडनंतर त्यांचे प्रमाण फ्लूनंतरच्या मानाने ४४ टक्क्यांनी जास्त होते.

इथे माझ्यातला बँकवाला मध्येच बोलतो. '६२ टक्के वाढ' ऐकून घाबरू नका. व्याजाचा दर शेकडा चारावरून सहावर गेला तर वाढ ५० टक्के होते, पण शंभर रुपयांमागे हातात दोनच रुपये जास्त पडतात. तसेच हे आहे. ताप आलेल्या बहुसंख्य माणसांना नैराश्य येत नाही. शिवाय दोन गोष्टी एकापाठोपाठ आल्या म्हणून पहिलीमुळेच दुसरी झाली असेही नसते. साथीत कुणाचे माणूस गेले, कुणाची नोकरी गेली, कुणी पंधरा दिवस एका खोलीत बंद होते, त्याचाही भार मनावर असतोच. आणि एक दिलाशाची बाब म्हणजे, त्याच संशोधकांनी २०२२ मध्ये साडेबारा लाखांहून अधिक रुग्णांचा दोन वर्षांचा हिशेब मांडला. त्यात नैराश्याचा आणि चिंतेचा वाढलेला धोका दोन महिन्यांच्या आत पूर्वपदावर आलेला दिसला. स्मरण आणि एकाग्रतेच्या तक्रारी मात्र पुष्कळ काळ रेंगाळल्या. म्हणजे मनमोडी बहुधा उतरते. प्रश्न आहे तो त्या मधल्या दिवसांत आपण माणसाला कसे वागवतो याचा, आणि ज्यांची उतरत नाही त्यांचा.

या मधल्या दिवसांत काय होते ते मी नोकरीत पाहिले आहे. २००६ साल चिकनगुनियाचे होते. १९७३ मध्ये आपल्या बार्शीत येऊन गेलेला हा आजार तीसेक वर्षे जणू नाहीसाच झाला होता. तो परतला आणि त्या एका वर्षात देशात तेरा लाखांवर संशयित रुग्ण नोंदले गेले. मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखा सांभाळत होतो. आमचा कॅशियर बारा दिवसांची रजा काढून, डॉक्टरांचा फिटनेसचा दाखला घेऊन हजर झाला. हिशेबाला चोख माणूस, नोटांच्या थप्पीवर नुसता अंगठा फिरवून कमी-जास्त सांगणारा. त्याची संध्याकाळची कॅश जुळेना. तो खिडकीआड बसून नुसता समोर बघत राही आणि रांग वाढत जाई. वरून विचारणा आली. शाखेत तर कथाच सुरू झाल्या. कुणी म्हणे घराच्या कर्जाचा बोजा आहे, कुणी म्हणे बायको माहेरी गेली आहे, कुणी म्हणे याला बदली हवी आहे.

मी कथा-कादंबऱ्या लिहिणारा माणूस. पात्राच्या वागण्यामागे कारण हवे, हा आमच्या धंद्याचा नियम. त्या दिवसांत माझ्या लक्षात आले की, सगळीच माणसे या बाबतीत कादंबरीकार असतात. समोरचा माणूस बदलला की आपण त्याच्या आयुष्यात कारण शोधतो. सून, सासू, कर्ज, बढती, काहीतरी सापडतेच. रक्तात शोधायचे कुणाला सुचत नाही. गावातल्या वयस्क डॉक्टरांना मात्र ते सुचले. सांधेदुखीसाठी गेलेल्या त्या कॅशियरला त्यांनी झोपेबद्दल विचारले, भुकेबद्दल विचारले, 'जगणं नकोसं वाटतं का?' असेही सरळ विचारले. तो रडला. त्यांनी त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. चार-पाच महिने तो मागच्या टेबलावर व्हाउचर लावण्याचे काम करत होता. उन्हाळ्यात तो पुन्हा कॅशच्या खिडकीत बसला आणि अंगठा पूर्वीसारखा चालू लागला. वेळेवर तो एक प्रश्न विचारला गेला नसता तर त्या माणसाच्या सेवापुस्तकात ताशेरा तेवढा उरला असता, कदाचित त्याहून वाईट काही.

ज्याचे मन आधीच नाजूक आहे त्यालाच हे होते, असा एक समज आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. पूर्वी नैराश्य येऊन गेलेल्यांनी तापानंतर अधिक सावध राहावे हे बरे. पण तेवढ्यावर विषय संपत नाही. ऑस्ट्रेलियात डबो नावाच्या गावाच्या परिसरात विषाणू आणि अन्य जंतूंमुळे आजारी पडलेल्या २५३ रुग्णांवर नजर ठेवून केलेला अभ्यास २००६ मध्येच प्रसिद्ध झाला. त्यातला एक विषाणू रॉस रिव्हर हा चिकनगुनियाचाच भाऊबंद आहे. सहा महिन्यांनंतरही बारा टक्के लोक थकवा, अंगदुखी, विसराळूपणा आणि बिघडलेली मनःस्थिती यांनी बेजार होते. कोण रेंगाळणार, हे माणसाच्या स्वभावावरून नव्हे, तर मूळ आजार किती तीव्र होता त्यावरून ठरत होते. 'तू मनाने कच्चा' असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मग घराने काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे विश्रांतीचा हिशेब थर्मामीटरवर सोडू नये. बाळंतिणीला सव्वा महिना द्यायचा असतो हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. मोठ्या तापातून उठलेल्या माणसालाही असे काही दिवस द्यायला हवेत. त्यातही घरातल्या बाईला. तिचा ताप बहुधा ओट्यापाशी उभ्या उभ्याच उतरतो आणि तिच्या उदासीला 'हल्ली चिडचिड फार करते' एवढेच नाव मिळते. दुसरे, थकवा आणि नैराश्य यांतला फरक ओळखावा. थकलेल्या माणसाला करायचे असते पण अंगात त्राण नसते. निराश माणसाला करावेसेच वाटत नाही. थकलेल्याला बळजबरीने फिरायला पिटाळू नये, त्याने हळूहळू वाढवत न्यावे. निराश माणसाजवळ बसावे, उपदेश करू नये.

तिसरे आणि महत्त्वाचे. उदासी किंवा कशातच रस नसणे सलग दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ राहिले, तर डॉक्टरांकडे जावे आणि 'अमुक महिन्यात अमुक ताप येऊन गेला' हे आठवणीने सांगावे. रक्त कमी असणे, थायरॉइड, जीवनसत्त्वांची कमतरता यांनीही असेच होते, तेव्हा त्या तपासण्या होऊ द्याव्यात. निदान नैराश्याचे झाले तर त्याचे उपचार आहेत, गोळ्यांचेही आणि बोलण्याचेही. आणि माणूस मरणाची भाषा बोलू लागला तर दोन आठवड्यांचीही वाट पाहू नये. २०२२ मध्ये सुरू झालेली टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत उपलब्ध आहे, मराठीतही बोलता येते.

साहेब लोकांसाठीही दोन शब्द. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाच्या आजाराला विम्यात शरीराच्या आजाराच्या बरोबरीने बसवले. रजेच्या अर्जावर आणि साहेबाच्या मनात ही बरोबरी अजून यायची आहे. तापातून आलेल्या माणसाला महिनाभर हलके टेबल दिले, तर कचेरीचे काही बुडत नाही. चुकलेल्या कामाचे निस्तरणे त्याहून महाग पडते, हे मी हिशेबानेच सांगतो.

आणि एक मागणी आरोग्य खात्याकडे. साथ आली की रोज तीन रकाने छापले जातात. लागण झालेले, दगावलेले आणि बरे झालेले. पहिल्या दोन रकान्यांबद्दल सगळे बोलतात. तिसरा आम्ही निर्धास्तपणे वाचून पान उलटतो, जणू तिथे खाते बंद झाले. तिसऱ्या रकान्यातल्या माणसांची महिन्याने, तीन महिन्यांनी कुणीतरी चौकशी केली पाहिजे. आशाताई दारावर येतात, त्यांच्या वहीत आणखी दोन प्रश्नांना जागा होईल. झोप लागते का? कशात मन लागते का?

आपल्या भाषेत एक छान शब्द आहे, 'कसर'. ताप उतरला असे वाटते, पण अंग अजून किंचित कोमट लागते. तेव्हा घरातली जाणती बाई कपाळावर हात ठेवून म्हणते, 'अजून कसर आहे हं, आज अंघोळ नको.' ती कुणाला दोष देत नाही, काळजीचे कारणही करत नाही. फक्त आणखी थोडा वेळ देते. तशी कसर मनातही राहते. ती ओळखायला कुठले यंत्र लागत नाही. यंदाच्या पावसाळ्यात घरोघरी ताप येतील आणि जातील. ते गेल्यावर पंधरा दिवसांनी एकदा जवळ बसून, 'आता मनात कसर नाही ना?' एवढे विचारले तरी पुष्कळ आहे.